काठावरची माती

विरूपाक्षला इंजिनिअरिंग आवडत नाही, हे हॉस्टेलातल्या ढेकणांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या अप्पांना. विष्णुपुरीच्या कॉलेजात सिव्हिलचं चौथं वर्ष चालू होतं आणि एवढ्या वर्षांत पोरानं एकच विद्या नीट कमावली होती, न अडखळता बोलायची. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी काही विचारलं की नजर न हलवता तो एखादा आकडा ठोकून द्यायचा. "दीड मीटर, सर." "बारा टक्के, सर." सर मान हलवून पुढच्या पोराकडे वळायचे. प्रामाणिकपणे "येत नाही" म्हणणारे मागे राहिले आणि हा गडी वर्षामागून वर्ष पास होत गेला. नावडता घास चावत बसायचं नाही, पाण्याबरोबर ढकलायचा, अशी त्याची रीत.

त्याला लातूरला बी.ए. करून पोरांना इतिहास शिकवायचा होता. पण अप्पा म्हणजे गुरुपादप्पा. अहमदपूरपासून दोन कोसांवरच्या गावात त्यांचं किराणा दुकान, आणि त्यांच्या शब्दापुढं घरात कुणाचं चालत नसे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हापासून तर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. "नवा जिल्हा म्हंजे नव्या कचेऱ्या, नवे रस्ते, नव्या टाक्या. इतिहास कोन बांधतंय? इंजिनेरच लागनार," असं ते गिऱ्हाइकाला साखर तोलता तोलता ऐकवायचे.

शहाऐंशी सालच्या मार्चात विरूपाक्ष गावी निघाला तो कॉलेज सोडायचं असं ठरवूनच. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत एसटीत बसून एकच वाक्य त्यानं मनात घोळवलं. अप्पा, माझ्यानं आता होत नाही, मी सोडतो. यापुढं शिव्या, मग आईचं, अव्वाचं, रडणं, मग चार दिवस अबोला, असा सगळा हिशेब त्यानं करून ठेवला होता.

गावात पोचला तर घराला कुलूप. सगळं गाव ओढ्याकाठी होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि टँकर यायचा तो आठवड्यातून दोनदा, तोही आला तर. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत विहिरीचा अर्ज पडून होता. शेवटी गावानं कंबर कसली आणि स्वतःच खणायला घेतलं. खणणारा ग्यानोबा. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. कुदळ मारल्यावर जमीन कसा आवाज देते त्यावरून तो खालचा थर सांगायचा. विहीर चार पुरुष, म्हणजे पंचवीसेक फूट, खोल गेली होती. वरचे दोन पुरुष काळी माती, भेगाळलेली, आणि त्याखाली मुरूम.

विरूपाक्ष पोचला तेव्हा काठावर वाद पेटला होता. ग्यानोबाचं म्हणणं, उकरलेली माती काठाजवळ टाकायची नाही. विहीर जेवढी खोल तेवढी लांब न्यायची. बायांचं म्हणणं, अर्ध्या भाकरीवर राबणाऱ्या माणसानं भरलं टोपलं एवढ्या लांब न्यायचं कसं? त्यांत ग्यानोबाची बायको सरजाबाईही होती आणि ती नवऱ्याच्या नाही, बायांच्या बाजूनं होती. "तुला खाली बसून सांगाया काय जातंय?" ती म्हणत होती.

तेवढ्यात अप्पांना पोरगा दिसला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "कशाला भांडता? इंजिनेर हाय की घरात! विरू, सांग बरं, माती कुठं टाकायची?"

लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. विरूपाक्ष काठाशी गेला, वाकून खाली बघितलं. हा धडा वर्गात झाला होता. त्या तासाला तो वहीच्या मागच्या पानावर देवळाचा खांब काढत बसला होता, एवढंच त्याला आठवलं. येत नाही म्हणावं, तर त्यामागून एसटीतलं वाक्यही तिथंच, चारचौघांत बाहेर पडलं असतं. समोर अप्पा उभे होते, मिशीतल्या मिशीत हसत.

"पाच फुटांवर टाकली तरी चालते," तो म्हणाला. "खाली मुरूम हाय. वरची माती दाबून बसते."

ग्यानोबा त्याच्याकडं वळला. "पुस्तकात हाय तसं?"

"हाव."

म्हाताऱ्याचा उभ्या जन्माचा अनुभव एका शब्दापुढं नमला. "मंग बरुबर असंल. आमी अंगठेबहाद्दर," असं म्हणून त्यानं स्वतःच माती टाकायच्या खुणेचा दगड उचलला आणि काठाजवळ आणून ठेवला. सरजाबाईनं विरूपाक्षच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

त्या दिवशी अप्पांशी बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खायला सगळे वर आले. ग्यानोबा तळातला सुटा मुरूम ओढायला एकटाच खाली राहिला होता. ओढ्याकडचा काठ मातीच्या ढिगासकट खाली बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, नुसती धूळ उठली. त्याला बाहेर काढेपर्यंत दिवस मावळतीला आला होता. काढायला उतरलेल्यांत विरूपाक्षही होता. म्हाताऱ्याची मूठ आधी त्याच्याच हाताला लागली.

कुणी त्याचं नाव घेतलं नाही. दुष्काळानं जमीन भेगाळली, म्हणून खचली, असं गाव म्हणालं आणि पंचनाम्यातही तेच उतरलं. रात्र त्यानं कशीबशी काढली. सकाळी दुकानात अप्पा एकटे असताना तो म्हणाला, "अप्पा, मी अंदाजानं बोललो व्हतो. मला ठाऊक न्हवतं."

गुरुपादप्पांनी वर बघितलं नाही. "कुनाला बोललास?"

"न्हाई."

"मंग बोलू बी नको. दुपारच्या गाडीनं विष्णुपुरीला जा." तराजू पुसत ते म्हणाले, "आनि नीट शिक." कॉलेज सोडतो म्हणायचं तोंड आता विरूपाक्षला राहिलं नव्हतं.

हॉस्टेलात बॅग खाली टाकून त्यानं आधी पुस्तक काढलं. त्या धड्याची पानं कडेला चिकटलेली होती, पट्टीनं सोडवावी लागली. खोदलेली माती खड्ड्याच्या कडेवर साठवू नये. निदान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर ठेवावं. इंग्रजीतल्या चारच ओळी. ग्यानोबाचंच म्हणणं, फक्त छापलेलं.

मग दोन आठवडे तो पहिल्या पानापासून वाचत बसला. आवडीनं नव्हे, धास्तीनं. पुढं डिग्रीही त्यानं पुरी केली, सेकंड क्लासात, आणि विषय काही शेवटपर्यंत आवडला नाही. त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत तो तीनदा "येत नाही, सर" म्हणाला.

पण त्याआधी, ग्यानोबाचा तेरावा झाल्यावर विहीर पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो गावी आला होता. माणूस गेला तरी गावाची तहान थोडीच जाते? त्यानं सांगितलं, काठावर चिमूटभर माती नको, खोलीइतकी लांब न्या. का, असं कुणी विचारलं नाही. इंजिनेर म्हणतोय म्हटल्यावर मुकाट्यानं खुणेचा दगड लांब गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

बायांच्या रांगेत सरजाबाई होती. न राबून तिला चालणार नव्हतं. ती टोपलं घेऊन निघाली तसा तो बरोबर चालू लागला.

"मावशी, त्या दिवशी मला ठाऊक न्हवतं. पुस्तक वाचलंच न्हवतं. मी उगंच बोललो."

तिनं ढिगापाशी जाऊन टोपलं रिकामं केलं. मग त्याच्याकडं वळून बघितलं.

"न्हाई ठाऊक, एवढंच म्हनायचं व्हतं, लेकरा," ती म्हणाली. "त्याला ठाऊक व्हतं."

टोपलं झटकून ती परत विहिरीकडं गेली.