आधी तुम्ही

आमचे हे सगळ्यांच्या शेवटी जेवतात. लग्न नवं होतं तेव्हा मैत्रिणी माझा हेवा करायच्या. त्यांचे नवरे हाक मारायच्या आत ताटावर येऊन बसायचे आणि हा माणूस सुट्टीवर आला की आधी मला वाढायचा, पाणी भरून ठेवायचा, मी दुसऱ्यांदा घेतलं की नाही ते बघायचा आणि मग उरलंसुरलं घेऊन बसायचा. "नशीब काढलंस गं," म्हणायच्या. मीही मिरवून घेतलं. पण आपण जेवतोय आणि समोरचा नुसता बघत बसलाय, असं वर्षानुवर्षं चाललं की घास घशाखाली उतरत नाही, हे मैत्रिणींना कुठे माहीत!

ती त्यांची सैन्यातली सवय. यांच्या हाताखाली एक छोटी तुकडी होती. तुकडीचा जो प्रमुख, त्याने शेवटी जेवायचं, शेवटी पाणी प्यायचं, गाडीत शेवटी चढायचं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलं तर माणूस सगळ्यांच्या मनातून उतरायचा. हे एकदाच सगळ्यांच्या आधी गाडीत चढले. चढले कसले, चढवले. वाटेवर सुरुंग फुटला, यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि यांच्या मागून चालणारा, ज्याला सगळे बुटक्या म्हणायचे, त्याच्या पोटाला लागलं. न्यायला आलेल्या गाडीत एकालाच आडवं करण्याइतकी जागा होती. गाडी थांबली तिथून हे जवळ पडले होते, म्हणून यांना उचललं. दुसरी गाडी येईपर्यंत बुटक्या राहिला नाही.

यातलं एक अक्षर मला यांनी सांगितलेलं नाही. तुकडीतला एकजण एकदा घरी आला होता. हे खाली दूध आणायला गेले तेवढ्यात त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून भराभर सांगून टाकलं. हे वर आले आणि मग दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. मीही मूग गिळून चहा ओतला.

आता हे एका गोदामाच्या फाटकावर असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, दांडा वर करायचा, खाली करायचा. मालकाने खुर्ची दिलीय, पण खुर्चीत बसलेला रखवालदार यांना पटत नाही, म्हणून दिवसभर उभे. मी एका लॉंड्रीच्या मागच्या खोलीत कपडे दुरुस्त करते. चेन बदलायची, कंबर ढिली करायची, उसवलेलं शिवायचं. मुलगी लग्न होऊन लांब गेली. घरात आम्ही दोघं, आणि दोघांत मिळून बोलणारी मी एकटी. मी बोलते, हे "हं" म्हणतात. कधी कधी तो "हं"सुद्धा माझा मलाच म्हणून घ्यावा लागतो. एकट्या राहणाऱ्या बाईला निदान शेजारीपाजारी विचारतात, बरी आहेस ना म्हणून. शेजारी नवरा बसलेला असला की कोणी विचारत नाही.

तर आता मोज्याचं सांगते. खोटा पाय चढवायच्या आधी गुडघ्याखाली उरलेल्या भागावर एक जाड मोजा घालावा लागतो. हे मोजे इतकी वर्षं मी धुवायचे. मध्यंतरी हे स्वतःच धुवायला लागले आणि दाराच्या मागे वाळत घालायला लागले, कुणाचे चोरून आणल्यासारखे. मी म्हटलं, "काय हो, आज हे काय नवीन?" तर म्हणाले, "तुला तेवढाच आराम." पण लोकांच्या कपड्यांत नाक खुपसून माझं अर्धं आयुष्य गेलंय. एके सकाळी हे कामावर गेल्यावर तो मोजा मी नाकाशी नेला. साबणाच्या वासाखाली दुसरा वास होता. पू झाल्याचा.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "फोड आलाय. दर गुरुवारी दाखवून येतो की. डॉक्टरांनी मलम दिलंय." आणि खिशातून ट्यूब काढून दाखवली. ती बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाचांच्या भेगांना मी लावते ते मलम! माझ्याच फडताळातलं, मीच अर्धं दाबलेलं. एवढा मोठा गडी, आणि खोटं बोलायची अक्कल पाचवीतल्या पोराइतकीसुद्धा नाही.

भांडण तोंडावर आलं होतं, पण यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरचाच फोन आला. माजी सैनिकांसाठी दर गुरुवारी सकाळी वेगळा दवाखाना भरतो, तिथली सिस्टर.

"त्यांना जरा आत पाठवा हो," ती म्हणाली. "पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम खोल जातेय, दर गुरुवारी बघावी लागेल. हाडापर्यंत गेली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. त्यानंतर ते आत आलेलेच नाहीत."

"अहो, पण ते तर दर गुरुवारी येतात."

"येतात ना. सगळ्यांच्या आधी येतात. बाहेर बसतात आणि दवाखाना बंद झाला की जातात."

मी फोन ठेवला आणि शिवणयंत्रापुढे नुसती बसून राहिले. गुडघा आहे म्हणून हे आमचे तीन जिने कुणाचा हात न धरता चढतात. गुडघा आहे म्हणून ते फाटक आहे, आणि फाटक आहे म्हणून सकाळी उठून दाढी करणं आहे. तो गेला तर हा माणूस खिडकीशी बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे मला समोरचं कापड दिसावं तसं दिसत होतं.

गुरुवारी मी लॉंड्रीत सुट्टी सांगितली आणि हे निघाले तशी चपला घालून दारात उभी राहिले.

"तू कुठे?"

"हवा खायला."

"अगं, तिथे बायका नसतात."

"मग मी बाहेरच्या बाकावर बसते. मला बाक चालतं."

वाटेत हे लंगडत होते आणि लंगडत नसल्यासारखं दाखवत होते, त्यामुळे दुप्पट लंगडत होते.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना लागून बाकं, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, शेवटी डॉक्टरांचं दार. नंबर-बिंबर काही नाही. सिस्टर दार उघडून विचारते, "पुढचे कोण?" आणि तिथेच घोडं अडतं.

"तुम्ही जा."

"छे छे, आधी तुम्ही. माझं काही विशेष नाही."

"माझं तरी कुठे काय विशेष आहे? मी आपला गोळ्या घ्यायला आलोय."

"मग गोळ्यांचं आधी उरका. मला घाई नाही."

ताटलीत एकच तुकडा उरावा आणि पाहुण्यांनी एकमेकांना आग्रह करत बसावं, तसा सगळा प्रकार. ज्याचे दोन्ही हात कोपरापासून नव्हते तो मला म्हणाला, "वहिनी, माझे हात काय परत येणार आहेत? आज गेलो काय, पुढल्या गुरुवारी गेलो काय. त्या कोपऱ्यातल्याला जाऊ दे. त्याला झोप नाही." कोपऱ्यातला माणूस धडधाकट दिसत होता. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला होता. आपलं नाव निघालं म्हणून असा दचकला, जसं काही खिसा कापताना पकडलं. "मला? मला काय झालंय? सगळं जागच्या जागी आहे," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघायला लागला. त्याचे हात थरथरत होते, म्हणून ते दाबून ठेवलेले.

दार उघडंच होतं. आत डॉक्टरीणबाई हनुवटीला हात लावून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या होत्या. बाहेर बाकं भरलेली, आत डॉक्टर रिकामी. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की विचारू नका.

पण खरं सांगू? त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. आमचे हे बोलत होते. घरात ज्यांच्या तोंडातून शब्द सांडशीने ओढून काढावा लागतो, ते इथे गुडघ्यावर थाप मारून कुणाची तरी नक्कल करत होते. ते बिनहाताचे गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि यांनी सहज खिशातून रुमाल काढून त्यांचे डोळे पुसले. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. हे गुरुवारी सगळ्यांच्या आधी का येतात ते मला तेव्हा कळलं. मला त्या सगळ्या पुरुषांचा हेवा वाटला. मी त्या बाकावर बसून माझ्याच नवऱ्याकडे परक्या बाईसारखी बघत होते.

"तुम्ही का जात नाही?" मी हळूच विचारलं.

यांचं हसू मावळलं. "त्याला हात नाहीत," हेही हळूच म्हणाले. "त्याच्यादेखत उठून मी काय दाखवू? फोड?"

"तो स्वतःच म्हणतोय ना, तुम्ही जा म्हणून?"

"तो म्हणणारच. म्हणून आपण जायचं नसतं."

"पुढचे कोण?" सिस्टरने परत विचारलं. सगळे पिंपाकडे बघायला लागले.

"मी," मी म्हणाले आणि उठले.

यांनी माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला आणि सरळ आत जाऊन त्या खुर्चीत बसले.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मी सांगायला सुरुवात केली. मोजा, वास, मलम, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना यायला सांगा."

"ते शेवटी येतील. आणि त्यांच्या शेवटाच्या आधी तुम्ही घरी जाता."

त्या थोडं थांबल्या. माझ्या डोळ्यांखाली बघत म्हणाल्या, "आणि तुम्हाला काय होतंय?"

काय झालं कोण जाणे. यांच्यासाठी भांडायला म्हणून कंबर कसून गेलेली मी, त्या एका वाक्याने ढेपाळले. मी सांगायला लागले की मला झोप नाही, हे झोपेत ओरडतात तेव्हा हात लावायचा की नाही ते मला अजून कळलेलं नाही. माझ्याशी बोलायला घरात कोणी नाही. सांगता सांगता मी त्या पोरीपुढे मोठ्याने रडायला लागले. मग बाहेरून त्या बिनहाताच्या गृहस्थांचा आवाज आला, "दादा, वहिनी रडतायत. उठ, जा आत."

आणि हे आले. स्वतःसाठी आले नसते. दारात उभे राहून म्हणाले, "काय झालं हिला?"

"त्यांचं मी बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. पाय काढा."

"आधी हिचं बघा. आणि बाहेर माणसं आहेत. त्यांचं झालं की येतो." असं म्हणून हे पाठ फिरवून निघालेसुद्धा.

तेव्हा इतकी वर्षं ओठांपर्यंतसुद्धा येऊ न दिलेलं माझ्या तोंडून गेलं.

"मला आनंद झाला होता," मी म्हणाले. "तुम्हाला आधी उचललं, हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता."

हे थांबले. पाठ तशीच.

"बुटक्याभावजींचं मला माहीत आहे. केव्हापासून माहीत आहे. त्यांच्या बायकोचा विचार आला की अन्न गोड लागत नाही मला. तरी झाला आनंद. तुम्ही तुमच्या नियमाने शेवटी चढला असतात, तर मला भिंतीवर लावायला एक फोटो मिळाला असता. मला फोटो नको होता. मला तुम्ही हवे होतात, पाय असो नाहीतर नसो. हे तुम्हाला सांगायची सोय तुम्ही ठेवलीच नाहीत. ज्याबद्दल मी हात जोडून देवाचे आभार मानते, त्याचीच तुम्ही घरात बसून शिक्षा भोगताय. मी आनंद करू तरी कुठे?"

सिस्टर हातातला कापूस तसाच धरून उभी होती. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस या दारातून जाईल आणि घरातला तो "हं"सुद्धा बंद होईल.

यांचा हात दारावर होता. मग यांनी दार लावलं. आतून. माझ्याकडे न बघता समोरच्या स्टुलावर बसले, विजार वर केली आणि वाकून पट्टा सोडायला लागले. मोजा उतरला तसा खोलीभर तो वास पसरला आणि यांनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून घेतला, कडेने दाबून पाहिलं. "उशीर केलात," त्या म्हणाल्या. "आजच एक्स-रे काढू. हाड शाबूत असेल तर गुडघा वाचेल. आत्ता मी काही कबूल करत नाही."

"बरं," हे म्हणाले.

उतरवलेला पाय यांच्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा ते यांना सुचत नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग तो माझ्याकडे केला.

"धर जरा," म्हणाले.

इतक्या वर्षांत यांनी तो मला कधी हातात घेऊ दिला नव्हता. मी दोन्ही हातांनी घेऊन मांडीवर ठेवला. चांगलाच जड होता.