कथलाचा कण

तांब्याची तार, केसापेक्षा जराशीच जाड.

कागदात गुंडाळलेला भोपळ्याचा केक.

मोहरीहून बारीक असा कथलाचा एक कण.

चंद्राची मागची बाजू.

मित्रांनो, या चार गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला सांगायचं आहे. मी एक जुना यानसंगणक आहे. माणसांना चंद्राला वळसा घालून परत आणलेला. काचेपलीकडून मुलं माझ्याकडे कौतुकानं पाहतात, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझी स्मृती बायकांनी हातानं विणली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात दोघीदोघी समोरासमोर बसत आणि तार ओवलेली सुई एकमेकींना देत. इवल्याशा कड्यातून तार गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. अशा हजारो तारांच्या जुडीला त्या दोरी म्हणत. दोरी पुरी झाली की तिच्यावर राळ ओतत. मग ती पुन्हा उलगडत नसे.

माझी एक दोरी ओडिल थिबोनं विणली. समोर गर्ट असे.

"सुई दे की गं! का आधीच चंद्रावर जाऊन बसलीस?" ओडिल म्हणायची.

"केव्हाच गेले असते. तुझी बडबड खाली ओढते ना!"

शुक्रवारी ओडिल सगळ्यांसाठी भोपळ्याचा केक आणायची.

अशाच एका शुक्रवारी माझी चाचणी झाली आणि माझं उत्तर चुकलं. माझ्यावर एक दिवा होता, चूक झाली की पेटणारा. तो मी पेटवला. पण चूक आहे एवढंच तो दिवा सांगतो. कुणाची, ते सांगत नाही. तिथली रीत ठरलेली होती. उत्तर चुकलं की आधी विणणारीला बोलवायचं.

"तोंड चालू असलं की हात चुकतो, बाई. तुमची शेवटची तार कड्याबाहेरून गेलीय," मुकादम हॅनरहन म्हणाले.

"साहेब, घड्याळांच्या कारखान्यात वीस वर्षं माझं तोंड चालूच होतं. एक घड्याळ मागे पडलं नाही. ती तार कड्याच्या मधूनच गेलीय."

"दाखवा मग."

राळेत गोठलेलं ती काय दाखवणार? दोरी बदलली, मी बरोबर उत्तर दिलं, आणि ओडिलवर शिक्का बसला. तिला खोकी बांधायच्या टेबलावर पाठवलं. केक तसाच गुंडाळलेला घरी गेला.

खरं म्हणजे माझ्याच पोटात कथलाचा एक कण सुटा झाला होता; तो दोन टोकांना टेकला की वीज भलतीकडे वळे. माझे सांधे जोडताना तो सांडला होता. दोरी बदलताना मला हलवलं, तेव्हा तो बाजूला घरंगळला. मला ते कळत होतं. पण सांगायला माझ्याकडे तो दिवाच काय तो होता, आणि बरोबर उत्तरावर तो पेटत नाही.

महिन्याभरानं नवी दोरी असतानाही तीच चूक झाली. मला उलटं करून ठोकलं, तेव्हा तो कण टेबलावर पडला. हॅनरहननी तो चिकटपट्टीवर उचलला. मग ओडिलचीच दोरी पुन्हा माझ्यात बसवली.

"आता जा, तिला सांगा!" गर्ट ओरडली.

"सांगतो. यान एकदा उडू दे."

यान उडालं. चंद्राच्या मागे पृथ्वीचा आवाज पोचत नव्हता. तेव्हा मी ओडिलच्या तारांवरून आकडे वाचत होतो आणि तीन माणसं त्या आकड्यांवर जगत होती. परतल्यावर टाळ्या वाजल्या. माझे फोटो छापून आले. ओडिलनं त्याआधीच नोकरी सोडली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. पुढे मोठे संगणक आले आणि मी या काचेमागे आलो. माझ्याखालच्या पाटीवर तिचं नाव नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण काही बिघडलं, तर कुणाला उठवून लावण्याआधी पेटी उघडून बघा. आणि चूक तिची नव्हती असं कळलं, तर त्याच दिवशी तिच्या दारी जा.

त्या चाचणीच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी पावणेचारला, ओडिलनं त्या दोरीची शेवटची तार ओवली. ती कड्याच्या मधूनच गेली होती.