दोघांचं तेल

डर्व्हलाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आत काहीतरी कण्हत होतं.

"त्याला सांग, इंजिन थोडं वाढव म्हणावं," तिच्या शेजारी उभा असलेला कोलमन म्हणाला.

'तो' म्हणजे कोलमनचा थोरला भाऊ फेस्टी. तो ट्रॅक्टरच्या सीटवर बसला होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. त्याने ऐकलं होतं, पण तो डर्व्हलाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"वाढवा थोडं, फेस्टी," ती म्हणाली, तेव्हा कुठे त्याने इंजिन वाढवायचा दांडा ओढला. कण्हणं चढत गेलं आणि खोपटातला कुत्रा उठून बाहेर गेला.

मॅनियन भावांचा अबोला गावाला तोंडपाठ होता. दोघं म्हातारे एका छपराखाली राहत, एकाच शेगडीवर आपापली किटली ठेवत आणि आपापलं लोणी आपापल्या बशीत झाकून ठेवत. घरी आलेल्याला दोन्ही किटल्यांतला चहा प्यावा लागे, नाहीतर एकाची बाजू घेतल्यासारखं होई. डर्व्हलाने कामाला हात लावायच्या आधीच दोन मग रिचवले होते. तिच्या आधी तिचे वडील ह्याच भावांची यंत्रं दुरुस्त करत. मॅनियनांकडे जायचं तर उपाशी जा, असं ते म्हणायचे.

अबोल्याचं कारणही गावाला ठाऊक होतं. आईला धाप लागली तेव्हा कोलमन पावसातून धावत जाऊन फादरना घेऊन आला. फेस्टी मात्र घरात, फोनच्या शेजारी बसून होता आणि त्याने डॉक्टरला फोनसुद्धा केला नाही. फादरनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल बोटाने कपाळाला लावलं आणि आई गेली. कोलमन त्या दिवसापासून भावाशी बोलला नाही. फेस्टीला कोणी काही विचारलं नाही आणि तोही आपणहून काही सांगायला गेला नाही.

डर्व्हलाने मागची चाकं जॅकवर उचलली, हाताने फिरवून पाहिली. चाकांत खरखर नव्हती. ट्रॅक्टर जागेवर उभा असतानाही आवाज येत होता, पेडल दाबलं की वाढत होता. म्हणजे दुखणं चाकांत नव्हतं, गिअरबॉक्सच्या आतल्या पंपात होतं. ह्या छोट्या ट्रॅक्टरची चाकं तेलाच्या दाबावर फिरतात. पंप गेला तर एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला नवा पंप मिळणं कठीण, हे तिघांनाही माहीत होतं.

"फार वाईट आहे का गं, पोरी?" फेस्टीने विचारलं.

तिलाही हिवाळ्याचा विचार पडला होता. गायी दलदलीपलीकडच्या खालच्या रानात होत्या. रोज सकाळी फेस्टी ट्रॅक्टरवर गवताचे भारे घेऊन निघायचा, कोलमन पुढे चालत फाटकं उघडायचा आणि मागे राहून लावायचा. दिवसभरात दोघं मिळून करत ते एवढंच काम. ट्रॅक्टर गेला की गायी बाजारात जाणार, आणि गायी गेल्या की ह्या दोघांना एका दिशेला तोंड करायला काहीच उरणार नव्हतं.

तिने तेल बघायची दांडी बाहेर ओढली आणि उजेडात धरली. तेल खुणेच्या वर, पार मुठीपर्यंत चढलं होतं, आणि काळ्या बिअरवर असतो तसा त्यावर फेस होता. तिने थोडं तेल डब्यात काढलं, बोटांत चोळलं, हुंगलं. एक तेल नव्हतंच ते.

"ह्यात तेल कोण घालतं?"

"मी," दोघं एकदम म्हणाले आणि दोघांनी दोन भिंतींकडे पाहिलं.

मग हळूहळू उलगडा झाला. मागच्या चाकाच्या सीलमधून थेंब थेंब गळत होतं. अंगणातला डाग फेस्टीने पाहिला आणि दर शनिवारी तो दुकानातलं चांगलं तेल घालू लागला. डाग कोलमननेही पाहिला, आणि दर रविवारी, फेस्टी चर्चला गेला की, तो वडिलांच्या जुन्या मोठ्या ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातलं तेल ओतू लागला.

"त्याच्यावर सोडलं असतं तर केव्हाच कोरडा पडला असता," कोलमन म्हणाला.

"पोरीला म्हणावं, कोरडा पडायला ट्रॅक्टर काही त्याच्यासारखा नाही," फेस्टी दाराशी परत आलेल्या कुत्र्याला म्हणाला.

डर्व्हला हसली. हसण्यासारखं होतंच. तिने सगळं तेल काढलं, तेल गाळायची जाळी बदलली, एकाच जातीचं ताजं तेल खुणेपर्यंत भरलं. ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता. फेस्टीने टोपी काढून परत घातली. कोलमनने मडगार्डवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"आता ऐका दोघं," ती म्हणाली. "सील बदलायचं तर अख्खा आस बाहेर काढावा लागेल. ते वसंतात करू, गायी वर आल्या की. तोवर गळणार. दर आठवड्याला दांडी बघायची, खुणेपर्यंत घालायचं, एका डब्यातलं आणि एकाच माणसाने. कोण करणार?"

फेस्टी बुटाची नाडी बांधू लागला. "त्याला करू दे. त्याला सगळं कळतं."

"मी कशाला? थोरला तो आहे. त्यालाच करू दे."

"म्हणजे कोण?"

"तो," एक म्हणाला.

"तो," दुसरा म्हणाला.

तिला पुढचं काम होतं. तिने तेलाचा डबा दाराशी, दोघांना दिसेल असा ठेवला. "ठरवा तुमचं तुम्ही," ती म्हणाली आणि निघाली.

नाताळ होऊन गेला. गारठ्याच्या एका सकाळी मॅनियनांच्या शेजारणीचा फोन आला. ट्रॅक्टर दलदलीच्या रस्त्यावर बंद पडला होता.

डर्व्हला पोचली तेव्हा फेस्टी सीटवरच बसला होता आणि कोलमन फाटकाशी उभा होता. मागच्या पेटीत गवताचे भारे तसेच होते. खालच्या रानात गायी तारेला छाती लावून हंबरत होत्या.

"आवाज आला का आधी?"

"चार-पाच दिवस किरकिरत होता," फेस्टी म्हणाला.

"मग हलवलात कशाला? फोन का नाही केलात?"

"मला वाटलं, त्याने केला असेल."

तिने दांडी ओढली. ती स्वच्छ, कोरडी होती. कपड्याला पुसली तर डागसुद्धा पडला नाही. खाली वाकून तिने जाळीचं झाकण उघडलं आणि तळाशी जे थोडं उरलं होतं ते तळहातावर घेतलं. त्यात चांदीच्या भुकटीसारखं लोखंड चमकत होतं.

"पंप गेला," ती म्हणाली. "आता ह्याला काही करता येणार नाही."

"मी डब्याला हात लावलेला नाही," फेस्टी म्हणाला. आवाजात जराशी ऐटच होती. "त्याला करू दे म्हणालो होतो, शब्द पाळला."

कोलमन फाटकापासून दोन पावलं पुढे आला. त्याने डर्व्हलाकडे पाहिलं नाही, कुत्र्याकडेही नाही.

"मला वाटलं, तू बघतोयस," तो म्हणाला.

ह्या वेळी 'त्याला सांग' नव्हतं. डर्व्हला होती तशीच वाकून राहिली. फेस्टी सीटवरून उतरला नाही. त्याने स्टिअरिंगवरचे हात फक्त मांडीवर घेतले.

"आईच्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "तू धावत बाहेर गेलास. मला वाटलं, डॉक्टरला आणायला."

"मी फादरना आणायला गेलो होतो."

"ते तू मला सांगून गेला होतास का?"

खाली गायी ओरडत होत्या. कोलमनचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि डर्व्हलाला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांनी एक वाक्य आलं तसं दुसरंही येईल, एवढंच तर हवं होतं. पण त्याने तोंड मिटलं. पेटीतला एक भारा ओढून खांद्यावर घेतला आणि तो फाटकाकडे वळला.

त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. फेस्टी उतरून फाटक उघडू शकला असता. तो बघत राहिला. कोलमनने भारा चिखलात टेकवला, कडी काढली, फाटक लोटलं, भारा पुन्हा उचलला आणि रानाकडे उतरत गेला. जन्मभर ज्याने फाटक लावल्यावाचून पाऊल टाकलं नाही, तो मागे न बघता गेला.

डर्व्हलाने हत्यारं गोळा केली. ती गाडीत बसली. वळणावर तिने आरशात पाहिलं. फाटक सताड उघडं होतं आणि पुढच्या दोन गायी हुंगत हुंगत रस्त्याकडे निघाल्या होत्या. तिने गाडी हळू केली.

दोघांपैकी कोणीतरी लावेलच, असं म्हणून ती पुढे गेली.