खाडीकडे तोंड असलेलं बाकडं

कळंबोलीत मुख्तारभाईंना न ओळखणारा माणूस हवा असेल तर कालच राहायला आलेला भाडेकरू गाठावा लागेल. लोखंड बाजाराच्या मागे त्यांचं ग्रिल-गेटचं दुकान. पण हे दुकानात सापडतील तर शपथ! कुठे रस्त्यावरचा दिवा बंद, कुठे गटाराचं झाकण गायब, की हे निघाले. उरलेल्या पाइपांची बाकडी करून त्यांनी नाक्यानाक्यावर बसवली होती. भंगारवाले उचलून नेतील म्हणून पाय हातभर खोल काँक्रीटमध्ये पुरायचे, ही त्यांची खोड. मुख्तारचं काम हलत नाही, असं स्वतःच सांगत फिरायचे.

त्यातलं एक बाकडं खाडीकाठच्या बस थांब्यावर. ते बसवलं त्या दिवशी त्यांची बायको सफिया डबा घेऊन आली होती. तिचं माहेर श्रीवर्धनचं, पाण्याशेजारचं. बाकड्यावर टेकून तिनं मान मागे वळवली आणि म्हणाली, "याचं तोंड खाडीकडं करा ना. संध्याकाळी दोघं येऊन बसू."

"बस काय खाडीतनं येनार?" असं म्हणून मुख्तारभाईंनी काँक्रीट ओतलं. माणूस वाईट नाही हो. गावातल्या कुणीही हाक मारली की धावायचे, घरातली तेवढी राहून जायची.

पुढे त्यांची मुलगी सहर मस्कतला बाळंत झाली आणि सफिया तिकडे गेली. बाळ सव्वा महिन्याचं झालं की येईन म्हणाली होती. बाळ बोलायला लागलं तरी ती तिथंच. इकडे मुख्तारभाईंना घर खायला उठायचं. तिच्या सपाता दाराशी तशाच होत्या. केर काढताना ते त्या उचलायचे आणि पुन्हा तिथंच ठेवायचे. आणि फोनवर बायकोला सांगायचे काय, तर पाण्याची लाइन बदलली, नाक्यावरचा सिग्नल सुरू झाला. ती नुसती हं हं करायची.

मग एक दिवस सहरचा फोन आला. अम्मीला कायमची इथंच ठेवून घेते, गुरुवारी कागद भरायचेत, तुमचं काय म्हणणं? तिला पाठवून दे, असं म्हणायचं होतं मुख्तारभाईंना. आणि तोंडातून निघालं काय? तिला बरं वाटेल तसं करा! फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

बोलता येईना, म्हणून ते छिन्नी-हातोडा घेऊन थांब्यावर गेले. बाकडं उपटायचं आणि फिरवायचं. घावावर घाव घातले, तरी काँक्रीटचा टवकासुद्धा निघेना. आपल्याच कामावर इतके चिडले की विचारू नका. मासळी विकणारी केशरबाई टोपली घेऊन बसची वाट बघत तिथंच उभी होती.

"फिरवलास तर आमी कुठं बसाचा रं?" तिनं विचारलं.

तेही खरंच होतं. मुख्तारभाईंनी हातोडा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचं मशीन आणलं आणि बाकड्याच्या पाठीला पाठ लावून दुसरी बैठक जोडली. एक रस्त्याकडे, एक खाडीकडे.

बुधवारी संध्याकाळी ते खाडीकडे तोंड करून बसले. भरती चढत होती, चिखल हळूहळू पाण्याखाली जात होता. व्हिडिओ कॉल लावून त्यांनी सफियाला पाणी दाखवलं, बाकडं दाखवलं.

"सहरचे अब्बा," ती म्हणाली, "बाकडं बोललं. तुमी कधी बोलनार?"

तेवढ्यात मागून सोसायटीचे सेक्रेटरी दिलीपराव हाका मारत आले. पंप बंद पडला होता. मुख्तारभाईंनी मागे न बघता हात वर केला आणि उद्या बघू म्हणाले. दिलीपराव चाटच पडले. हा शब्द या माणसाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"सफिया, परत ये," मुख्तारभाई म्हणाले. "मला तुझ्याशिवाय करमत नाय. घरात पाय ठेववत नाय."

तिकडे नातू रडत होता, सहर आईला काहीतरी विचारत होती. सफिया हसली की तिनं डोळे पुसले, ते फोनवर नीट कळेना.

"मग मधोमध कशाला बसलाय?" ती म्हणाली. "सरका जरा."

आणि मस्कत कुठे नि कळंबोली कुठे, पण मुख्तारभाई मुकाट्यानं सरकून बाकड्याच्या कडेला बसले.