तोंड उघडू नको

बहात्तर सालची गोष्ट. सक्करदऱ्याच्या तलावापाशी रुपरावची सायकल घसरली आणि गडी चिखलात आपटला. दारातल्या बाया हसल्या, त्याची बायको पंचफुलाही हसली. एवढंच झालं हो! बाया हसल्या ते चाललं, बायको हसली ते नाही. घरात शिरताच त्यानं पितळी लोटा तिच्या तोंडावर हाणला. पुढचा दात मुळासकट खाली पडला, लुगडं रक्तानं भिजलं.

"राखुंडीनं घासून घे, साफ होते," सासू जिजाबाई म्हणाली. काय अक्कल!

शेजारच्या इंदुताई, शाळेतल्या मास्तरीण, ओरडा ऐकून धावत आल्या. "मुळाला हात लावू नका! घासलात तर मेला तो दात." त्यांनी दात चावायच्या टोकाला धरून दुधात बुचकळला, जागेवर बसवला आणि वर रुमालाची घडी दिली. "दाबून धर, पंचफुला. दवाखान्यात लवकर पोचलीस तर रुजेल. पण तोंड उघडू नको." मग रुपरावलाच दटावून तिच्यासोबत रिक्षात बसवलं.

रुपरावला आयतंच सापडलं. सीताबर्डीच्या दातांच्या दवाखान्यापर्यंत तो तिच्या मांडीला चिमटे काढत होता. "बोल ना आता! काहून बोलत नाही वं?" कळ मस्तकात जात होती, तरी पंचफुलानं जबडा ढिला केला नाही. दात तिला पाहिजेच होता. ऐन तरुणपणी बोळकं घेऊन कोण फिरेल?

"दात चांगला सांभाळलात," डॉक्टर म्हणाले. "तार बांधली की जगेल. हलवू मात्र नका. पडला कशानं?"

"नळावर पडली जी." मागं तिचं मनगट मोडलं तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. "हो ना वं?" रुपरावनं तिची मान पंजात धरली आणि स्वतःच खालीवर केली.

पंचफुलाचं डोकंच फिरलं. तिनं रुमाल काढला, दात उपसून डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"यानं पाडला जी. लोट्यानं. मनगटही यानंच मोडलं."

"चूप!" रुपरावनं झडप घालून तिचं तोंड दाबलं. त्याचा अंगठा आत गेला आणि ती कडकडून चावली. एक गेला होता, एकतीस होते. गडी गुरासारखा हंबरला, हत्यारांचा ट्रे खणखणत खाली आला, तरी तिनं सोडलं नाही.

"सोडा बाई! दात बसवायचा आहे ना?" डॉक्टर ओरडले.

तिनं अंगठा सोडला. तोंडातलं रक्त थुंकली. त्यातलं कोणाचं किती, कोण जाणे.

"रुजते का नाही, मागून पाहू जी," ती म्हणाली. "आधी पोलिसाले बलवा."