दोन ट्रकांमधली फट

देवसिंगच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायची रीत होती. त्या चालीचा एक नियम तांड्यात अजून देवासारखा जपला जायचा: मागच्या बैलाचं तोंड पुढच्याच्या शेपटीला. मध्ये फट पडली की चोर घुसलाच म्हणून समजा. बैल गेले, ट्रक आले. नियम काही गेला नाही.

१९५९ साली आर्णीहून यवतमाळला कापसाच्या गठाणी नेणाऱ्या दोन ट्रकांपैकी पुढचा देवसिंग चालवायचा आणि मागचा त्याचा धाकटा भाऊ किसनसिंग. त्याला ट्रक शिकवला देवसिंगनंच, आणि फट पडू द्यायची नाही हे पहिल्याच दिवशी बजावलं. इतर ड्रायव्हर म्हणायचे, अरे, जरा मागं राहत जा. दोघं भाऊ हसायचे. बैल बैलाला टेकला तर फार तर शेपूट झटकतो. भरला ट्रक तसा थांबत नाही, एवढं साधं त्यांच्या डोक्यात आलं नाही. वारशानं मिळालेलं शहाणपण कुणी तपासून घेत नाही, हीच तर गोम आहे.

त्या दुपारी मुरमाच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकचा फुफाटा मागच्याच्या काचेवर बसत होता. अचानक गाय आडवी आली. देवसिंगनं कचकन ब्रेक दाबला. गाय वाचली आणि मागून दणका बसला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण शहाणं व्हायला मागच्याला जागा तरी हवी ना!

किसनसिंगची छाती स्टिअरिंगनं चेपली होती. शेतातल्या माणसांनी पहारीनं दार उचकटलं, त्याला निंबाखाली आणून निजवलं, आणि एक जण बैलगाडी जुंपायला पळाला. देवसिंगनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. चूक माझी, तुला शिकवलं तेच चुकीचं, असं त्याला सांगून टाकायचं होतं. तेवढ्यात किसनसिंगनं डोळे उघडले.

"भिया," तो थोरल्या भावाला म्हणाला, "म्या फट नाही पडू देल्ली ना?"

त्या डोळ्यांना फक्त शाबासकी हवी होती.

"नाही पडू देल्ली, बापू. बेस चालवला तुनं."

किसनसिंगच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. बैलगाडी आली तेव्हा त्याला उचलायची घाई कुणालाच राहिली नव्हती.