एकतारी तेल

विल्नो गावाच्या चढावर पिकअपच्या इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गाडीचा वेग मात्र उतरत गेला. लिओना कुलासनं पेडल आणखी दाबून पाहिलं. इंजिन नुसतंच ओरडलं, चाकांपर्यंत काही पोचलं नाही. तिनं गाडी कडेला घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागे पाहिलं. चढाच्या पायथ्यापासून गाडीच्या पोटापर्यंत बर्फावर लाल रेघ उमटली होती.

त्या दिवशी मंगळवार होता. मागचा ट्रेलर रिकामा होता एवढंच बरं. शनिवारी सकाळी सातला तोच ट्रेलर दोनशे दहा ख्रिसमसची झाडं घेऊन ओटावातल्या एका चर्चच्या आवारात विक्रीसाठी उभा राहायला हवा होता. त्या आवारातली कोपऱ्याची जागा लिओनाच्या आजोबांपासून कुलासांची होती. पण कमिटीचा नियम साधा होता. सातपर्यंत गाडी आली नाही, तर जागा वाट पाहणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाची, आणि ती परत मागायची सोय नाही. त्या यादीत अकराजण होते.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं पिकअप ओढून शेडमध्ये आणली. लिओना पाठीवर झोपून खाली सरकली. अँब्रोज, तिचे वडील, वय चौऱ्याहत्तर, बादली उलटी घालून तिच्या पायांशी बसले.

"काय दिसतंय?"

"सगळं काळं आणि ओलं. तुमचीच कृपा."

"ओलं आहे म्हणून अठरा वर्षं टिकलंय. त्या शेजारच्या झिगीची गाडी बघ. नऊ वर्षांत तळातून रस्ता दिसायला लागला."

हे खरंच होतं. त्या भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं. म्हणून अँब्रोज दर शरदात, पहिल्या थंड शनिवारी, गाडीच्या पोटाला तेल फवारत. करवतीच्या साखळीला घालतात ते चिकट तेल, आणि ते पिचकारीतून जावं म्हणून त्यात गिअरबॉक्सचं जुनं लाल तेल. मग गाडी आठ-पंधरा दिवस टपकत राही. घरासमोरच्या खडीवर लाल-काळे ठिपके पडत, आणि अँब्रोज ते पाहून समाधानानं मान डोलावत.

चिंधीनं पुसत पुसत लिओना इंजिनाच्या बाजूला पोचली. गिअरबॉक्सचं तेल गरम होतं, ते दोन लोखंडी नळ्यांतून पुढच्या रेडिएटरच्या जाळीत जातं आणि थंड होऊन परत येतं. त्या नळ्या इंजिनाला एका पत्र्याच्या क्लिपनं धरलेल्या होत्या. क्लिपच्या आत मीठ आणि चिखल अडकून बसला होता. पिचकारीचं तेल तिथं कधी पोचलंच नव्हतं. एक नळी तिथं वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ होऊन उभी फाटली होती.

"क्लिपखाली फुटलीय," ती म्हणाली. "पण आज नाही फुटली. आज फाटली. आधी बरेच दिवस झिरपत असणार."

अँब्रोजनी बुटाच्या टोकानं जमिनीवरचा लाल ओघळ पुसला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिओनानंच त्यांना विचारलं होतं, "बाबा, यंदा जास्तच टपकतंय का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं होतं, "टपकतंय म्हणजे लागलंय." लिओना त्याआधी चार वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथं एका थेंबावरून ती निष्कर्ष काढत नसे. इथं तिनं बापाच्या शब्दावर काढला होता. ठिपके लाल होते हे तिनं पाहिलं होतं, पण फवारणीचं तेलही लालच होतं.

तिनं गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढली. टोकाला जेमतेम तेल होतं. त्यातला थेंब तिनं पांढऱ्या कागदावर टेकवला आणि वास घेतला.

"जळका?" अँब्रोजनी विचारलं.

"नाही. रंगही लालच आहे, तपकिरी नाही. पण आतल्या क्लचच्या प्लेटा घासल्या असतील का, ते नळी बसून गाडी चालल्याशिवाय कळायचं नाही."

"मग बसव. फाटलेला तुकडा काप, मध्ये रबरी पाइप घाल, दोन क्लॅम्प आवळ. तासाचं काम. उद्या झाडं भरू."

"आणि बाकीची नळी? ती पण अठरा वर्षांचीच आहे."

"बाकीची फुटली नाहीये."

"नुकतीच पिसं झडायला लागलेली कोंबडी आजारी नाही म्हणण्यासारखं आहे हे, बाबा. दोनशे दहा झाडं घेऊन याच चढावरून जायचंय."

अँब्रोज बादलीवरून उठले. "तू शिकलेली आहेस. पण शनिवार माझ्यासाठी थांबत नाही आणि तुझ्यासाठी पण थांबणार नाही," म्हणाले आणि घराकडे गेले.

बुधवारी सकाळी लिओनानं दोन कामं केली. गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन करून तांबं-निकेलच्या नळीचं पंचवीस फुटी भेंडोळं मागवलं. ती गंजत नाही आणि हातानं वाकते. तेल मोकळं वाहावं म्हणून माप मूळच्यापेक्षा एक पायरी मोठं, आठ मिलिमीटरऐवजी साडेनऊ. काउंटरवरचा फेलिक्स म्हणाला, "गुरुवारी दुपारी येईल. तोवर बाबांना सांभाळ. काल इथं येऊन रबरी पाइपचा भाव विचारून गेलेत."

"घेतला का?"

"नाही. नुसता हातात धरून वाकवत बसले होते."

दुसरं काम गाडीचं पोट धुण्याचं. गरम पाणी, साबण, ब्रश. दुपारपर्यंत तिच्या कोपरांवरून काळं पाणी गळत होतं. अँब्रोज एकदा दारात आले, आपली अठरा थरांची मेहनत गाडीखालच्या बादलीत उतरताना पाहिली, आणि वळले. जेवायला मात्र त्यांनीच बटाटा भरलेल्या करंजीसारखे पियेरोगी तळून ठेवले होते, कांदा जास्त घालून.

गुरुवारी भेंडोळं आलं. जुन्या नळ्या काढून तिनं जमिनीवर मांडल्या आणि नवी नळी त्यांच्या वळणांवर टेकवत, अंगठ्यानं दाबत वाकवली. टोकं हत्यारानं फुलवली, म्हणजे वर चढवलेला पाइप सुटणार नाही. पत्र्याच्या क्लिपा तिनं फेकून दिल्या. त्यांच्या जागी चिखल धरून न ठेवणारे उघडे रबरी आधार लावले. शेवटी जाळीच्या अलीकडे प्रत्येक नळीच्या टोकावर वीतभर, तेलाला टिकणारा रबरी पाइप चढवला.

"एवढं सगळं करून शेवटी रबरच," अँब्रोज म्हणाले. ते केव्हा आले होते तिला कळलं नव्हतं.

"इंजिनावर हात ठेवा." ती पुढे आली आणि बोनेटखाली दोन्ही हातांनी इंजिनाला जोरात धक्का दिला. "हललं?"

"थोडं."

"इंजिन हलतं, जाळी हलत नाही. मध्ये काहीतरी मऊ हवं, नाहीतर ही नळी पण तुटेल. रबर ठिगळ म्हणून नाही घातलंय."

अँब्रोजनी पाइप दोन बोटांत दाबून पाहिला. "परवा दुकानात होता त्यापेक्षा जाड आहे," ते म्हणाले. "टॉर्च मी धरतो."

शुक्रवारी सकाळी नवं तेल भरलं. गिअर एकेक करून टाकले. प्रत्येक गिअरला गाडीनं किंचित अंग हलवून होकार दिला. दोघांनी मिळून झाडं भरली, जाळ्यांत गुंडाळलेली, बुंधे मागे करून. लिओनानं ट्रेलरसकट विल्नोचा चढ दोनदा चढून पाहिला. पहिल्या वेळी तिची मान ताठ होती. दुसऱ्या वेळी तिनं लक्ष दिलं ते फक्त आकड्यांकडे, इंजिनाचे फेरे आणि वेग. दोन्ही एकत्र चढत होते, एकत्र उतरत होते. प्लेटा शाबूत होत्या.

परत आल्यावर तिनं गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला, इंजिन चालूच ठेवलं, आणि दोघं पाऊण तास कॉफी घेत शेडच्या दारात उभी राहिली.

पुठ्ठा ओढला. त्यावर एक थेंब होता. लाल-काळा, वाटाण्याएवढा.

लिओनानं टॉर्च उचलला. ती खाली वाकून नळीची टोकं चाचपायला लागली. सगळी कोरडी. पण थेंब कुठून तरी आला होता, आणि दोन्ही तेलांचा रंग एकच. नळी सोडून पुन्हा बसवायची तर शनिवार गेला. तसंच जायचं तर त्या चढावर काय होईल याची खात्री कोण देणार?

"सरक," अँब्रोज म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून ते हळूहळू खाली बसले, थेंबाला तर्जनी लावली आणि अंगठ्याशी जोडून बोटं सावकाश लांब केली. पाकाची परीक्षा घेताना निघते तशी बोटांमध्ये एक बारीक तार आली, ताणली, आणि तुटली नाही.

"गिअरबॉक्सच्या तेलाला तार येत नाही," ते म्हणाले. "हे माझं आहे. दाराच्या खालच्या घडीत राहिलेलं. तू तिथं ब्रश घातला नसशील."

लिओनानं पट्टी ओढून तिच्यावरचं ताजं तेल बोटावर घेऊन पाहिलं. बोटं लांब केली की ते नुसतंच सुटत होतं. मग तिनं पुठ्ठा होता तसा पुन्हा गाडीखाली सरकवला आणि थेंबाच्या बरोबर वर पाहिलं. दाराची घडी होती, नळीपासून दोन फूट बाजूला.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"साखळीचं तेल आहे. तार येते म्हणूनच तर साखळीला चिकटतं." त्यांनी बोटं पँटला पुसली. "नोव्हेंबरात बोट लावलं नव्हतं. वाकायचा कंटाळा केला."

लिओनानं हात देऊन त्यांना उठवलं. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं थेंबाभोवती गोल काढला आणि पुठ्ठा ट्रेलरमध्ये झाडांवर टाकला, ओटावात पुन्हा गाडीखाली घालून बघायला.

"झाडं विकून आलीस की पोट पुन्हा फवारायचं," अँब्रोज म्हणाले. "उघडं लोखंड ठेवायचं नाही."

"फवारा. नव्या नळ्या सोडून. आणि लाल तेल घालायचं नाही."

"मग पातळ कशानं करू? पिचकारीतून जाणार नाही."

"तेलाचा डबा स्टोव्हपाशी ठेवा तासभर. आपोआप पातळ होईल."

अँब्रोजनी त्यावर विचार केला. "घर वास मारेल," ते म्हणाले, आणि डब्याचं घट्ट झाकण शोधायला आत गेले.